बोंडाची वाइन आणि माझं गेलेलं नाक

मला वास यायचा बंद झाला, आणि ते मी वर्षभर घरात कोणाला सांगितलं नाही. एवढीच गोष्ट आहे. दुसऱ्या एखाद्या घरात ती चहाच्या कपाबरोबर सांगून संपली असती. आमच्या घरात मात्र वाइन होते, आणि ती बरी झाली की वाईट हे सांगायचं काम माझ्याकडे होतं. म्हणून मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं. बाकी फारसं काही जमत नाही, हे पुढे कळेलच.

आमचं घर आचऱ्याच्या अलीकडे, खाडीपासून थोडं वर. मागे काजूची बाग. बाग माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा बघतो. मी रोज मोटरसायकलवरून कसालला जातो, एका ऑफिसात टेबलामागे बसतो आणि संध्याकाळी परत येतो. बागेतलं मला फारसं कळत नाही.

वाइनचं खूळ दादाने आणलं. काही वर्षांपूर्वी तो नाशिककडे एका ओळखीच्या कुटुंबाच्या द्राक्षबागेत गेला होता. नवरा, बायको, मुलगे, सुना, सगळे मिळून बाग करतात, औषधं फवारत नाहीत, आणि आपल्याच द्राक्षांची पांढरी वाइन करतात. त्यांनी ह्याला ती पाजली. दादा परत आला तो द्राक्षाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून. लावल्या, फुटल्या, आम्ही कौतुक केलं. मग आषाढ आला. आमच्याकडचा पाऊस द्राक्षाला काय माहीत असणार! एका सकाळी बघतो तर दादाने एका वेलावर स्वतःची छत्री बांधलेली, आणि स्वतः डोक्यावर सुपारीच्या झावळीची टोपी, म्हणजे पोवली, घेऊन उभा. श्रावणापर्यंत सगळ्या काड्या कुजल्या.

"द्राक्षांच कित्याक व्हयी?" वहिनी म्हणाली. "आपली बोंडां काय नुसती गुरांनीच खावची?"

काजूची बी ज्याच्या टोकाला लटकते ते फळ म्हणजे बोंड. बी विकली जाते, बोंडं झाडाखाली पडून कुजतात. रस भरपूर, पण घशाला असा धरतो की दोन घोट प्यायल्यावर माणूस तासभर खाकरत राहतो. वहिनीने तो रस उकड्या तांदळाच्या पेजेने निवळला. पेजेचं पातळ पाणी रसात घातलं की घशाला धरणारा सगळा साका तळाशी बसतो आणि वर फिक्या सोनेरी रंगाचा रस राहतो. पहिल्यांदा ती रसात पेज ओतायला लागली तेव्हा दादा म्हणाला, "आता वाईच मीठ आणि लोणचा दी, मी हयच जेवतंय."

पुढे परवाना काढला. त्या फेऱ्यांची आठवण काढली तर दादाचा रक्तदाब वाढतो, म्हणून ते राहू दे. चिऱ्यांची एक खोली बांधली, त्यात पिंपं ठेवली. पुतणीने लेबल केलं: काजूबोंडाची पांढरी वाइन, सेंद्रिय. ते वाचून शेजारचे आबा गंभीरपणे विचारायला आले, "सेंद्रिय म्हणजे चढत नाय काय?"

वहिनी तिला दारू म्हणू देत नाही. "दारू नाय, वाइन," असं ती भाजीवालीलासुद्धा बजावते. पण स्वतः थेंबभरही तोंडाला लावत नाही. दादा तपकीर ओढतो, त्यामुळे त्याच्या नाकाचा प्रश्नच नाही. पुतणी रत्नागिरीला नोकरीला, सुट्टीला येते, आणि तिला सगळी वाइन सारखीच आंबट लागते. माझी बायको पिंपांच्या खोलीच्या दाराशी उभं राहून जेवायला हाक मारते, आत पाऊल टाकत नाही. राहिलो मी. पहिल्या वर्षी मी सहज एका पिंपावर वाकलो आणि म्हणालो, हे उद्याच्या उद्या दुसऱ्या पिंपात काढा, खाली काहीतरी कुजतंय. खरंच कुजत होतं. तेव्हापासून घरात माझ्या नाकाला मान आला. माणसाला मान मिळायला एखादाच अवयव पुरतो.

मी बोलणार काय, तर "बरी." तेवढंच. पण वहिनीने त्या एका शब्दाची बाराखडी केली होती. मी लगेच "बरी" म्हटलं तर उत्तम. जरा थांबून म्हटलं तर पिंप हलवायचं. "बरी आसा" म्हटलं तर अजून महिनाभर ठेवायचं. आणि काहीच न बोलता चष्मा पुसला तर काळजी. हे मला पुतणीकडून कळलं. मला स्वतःला असं काही असल्याचा पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षी चतुर्थीनंतर मला ताप आला. साधाच, आठवड्याचा. ताप उतरला आणि सकाळी बायकोने कॉफी दिली ती नुसती गरम आणि गोड लागली. वाटलं, येईल परत. आंबोळी, कोलंबी, अगरबत्ती, पेट्रोल, सगळं हुंगून झालं. जिभेवर आंबट, गोड, खारट, तिखट लागायचं, पण नाकात काही नाही. बंद घराच्या खिडक्यांसारखं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, येतं कधी कधी परत, कधी नाही येत. मी घरी येऊन सांगितलं, डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे.

त्या क्षणी का नाही सांगितलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. खरं उत्तर असं आहे की मला भीती वाटली. बाग दादाची मेहनत, वाइन वहिनीची, हिशोब आणि लेबल पुतणीचं. माझी बायको सगळ्यांना खायला घालते. मी नाक होतो. नाक गेल्यावर मी त्या घरात कसालहून संध्याकाळी येणारा एक माणूस उरणार होतो.

मग सोंगं सुरू झाली. बायको माहेरी मिठबावला गेली होती तेव्हा कपाटामागे मेलेल्या उंदराबरोबर मी सुखाने किती रात्री झोपलो, देव जाणे. ती परत आली, दारातच नाकाला पदर लावून म्हणाली, "तुमका वास येणा नाय?" मी म्हणालो, "मी ऑफिसात असतंय." झोपायला मी घरीच असतो हे तिच्या लक्षात यायच्या आत मी उंदीर शोधायला वाकलो. फणस पिकला की मी इतरांच्या आधी "पिकलो वाटता" म्हणायला लागलो. चारदा चुकलो, तेव्हा दादा म्हणाला, "मेल्या, तो फणस नाय, विलायती नीरफणस आसा."

बोंडांचा हंगाम आला. पिंपं भरली, फसफसली, निवळली. यंदा दोनच पिंपं धरली होती, कारण अर्ध्या बागेवर मोहोराच्या वेळी ढग राहिले. श्रावणात चव बघायची वेळ आली. मी वहिनीसमोर दोन्ही पिंपांतली वाइन पेल्यात घेतली, नाक पेल्यात घातलं, डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखं. जिभेला आंबटपणा ठीक लागला. घशाला धरत नव्हती. मी वहिनीच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "बरी." दोन्ही पिंपांना. लगेच.

तिचा चेहरा असा उजळला की मला आत कुठेतरी टोचलं. पण मी चष्मा पुसला नाही. चष्मा पुसला असता तर तिला कळलं असतं.

दुसऱ्या पिंपातली वाइन ओतताना थोडी माझ्या शर्टावर सांडली होती. दुसऱ्या दिवशी बायको कपडे भिजवता भिजवता ओरडली, "ह्या शर्टाक कसलो वास हो? भिजलेल्या गोणपाटासारखो! खंय लोळलात?"

मी पडवीत पेपर वाचत होतो. पेपर तसाच हातात राहिला. पावसात आमच्याकडे कपडे, गाद्या, पुस्तकं, सगळंच कुबट होतं, त्यामुळे तिने पुढे विचारलं नाही. पण मला कळलं. पिंपाचं तोंड बांधलेलं फडकं ओलं राहिलं असणार, त्याचा कुबटपणा वाइनला लागला होता. वाईट वाइन नव्हे ती, पिऊन कोणी आजारी पडणार नव्हतं. पण बाटली उघडल्या उघडल्या ज्याच्या नाकात गोणपाट शिरेल तो दुसरी बाटली घेणार नाही, आणि वहिनीच्या वाइनबद्दल चार ठिकाणी सांगेल. किनाऱ्यावरच्या एका होमस्टेवाल्या बाईंनी दिवाळीच्या पाहुण्यांसाठी सगळ्या बाटल्या आधीच सांगून ठेवल्या होत्या.

तरीही मी बोललो नाही. नवरात्र गेलं. बाटल्या आल्या. त्या भरायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी लेबलांचा गठ्ठा घेऊन बसली होती, ते लावताना जीभ जराशी बाहेर काढायची तिची सवय आहे, आणि मी शेजारी बसून तिला एकेक लेबल सुटं करून देत होतो. "सेंद्रिय" हा शब्द मधोमध आला पाहिजे असा तिचा आग्रह. मी दरवेळी मधोमध आलाय का बघून मान हलवत होतो.

बाटल्या भरायला लागायच्या आधी बागेच्या राखणदाराला द्यायचं, हे ठरलेलं. बागेच्या वरच्या टोकाला आइनाच्या झाडाच्या मुळाशी एक ओबडधोबड चिरा आहे, तोच राखणदार. कोंबा म्हणजे कोंबडा, नारळ आणि सोरो ही त्याची आवड. सोरो म्हणजे दारू, आणि ती चांगली कडक. दादाला दरवर्षी तोच प्रश्न पडतो.

"ह्येका पांढरी वाइन चलात काय रे? ह्यो जुनो माणूस."

"बाबा, ती थंड करून देतत," पुतणी म्हणाली. ती सुट्टी काढून आली होती.

"मगे मासळीवाल्याकडसून बर्फ हाड. आणि एक स्टूल हाड, म्हणजे तो पाय सोडून बसात."

गाऱ्हाणं घालायचं खरं तर दादाने, घरातला मोठा तो. पण तपकिरीमुळे तो ऐन गाऱ्हाण्यात शिंकतो, आणि एका वर्षी राखणदारासमोर शिंकल्यावर ज्या चार गाई आटल्या, त्याचं खापर त्याच्यावरच फुटलं. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. माझ्यासारख्या घुम्या माणसाला ते सोपं जातं. शब्द ठरलेले असतात. आपल्याला काही सुचावं लागत नाही, आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. आयुष्यात मला इतकी दाद आणखी कुठे मिळत नाही.

मी नारळ ठेवला. पुतणीने पानाच्या द्रोणात वाइन ओतली. सगळे हात जोडून उभे राहिले. मी सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर्साची बोंडां तुझ्या कृपेन पिकली, तेची वाइन आज बाटल्यांत घालतत, तेका यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण वाकडी नजर टाकीत तेची नजर उलटी कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे दादा नेहमी जरा जोरात म्हणतो.

"आणि कोणाच्या हातसून काय चुकला-माकला आसात, तर तां पोटात घाल म्हाराजा..."

इथे माझी जीभ थांबली. पुढचं वाक्य गुराढोरांचं होतं, ते मला पाठ आहे. पण वहिनी समोर डोळे मिटून उभी होती आणि तिच्या बोटांना अजून लेबलांचा डिंक होता. मी ठरवलं वगैरे काही नाही. सूर चालू होता, त्याच सुरात तोंडातून निघालं.

"आणि म्हाराजा, माझा नाक गेला आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"वर्स जाला म्हाराजा!"

"व्हय..." ह्या वेळी आवाज विस्कटला. दादा एकटाच डोळे मिटून शेवटपर्यंत गेला, "...म्हाराजा!" मग त्यानेही डोळे उघडले.

माझी बायको पांढरीफटक. आपल्याकडे नाक गेलं म्हणजे अब्रू गेली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "नाक गेला म्हणजे? काय करून ठेवलात तुमी? ऑफिसात काय झाला?"

"वर्स जाला?" दादा म्हणाला. "आणि आमका कोणी काय बोलला नाय? गावात कोणाकोणाक म्हायत आसा?"

"बाई आसा काय?" बायको.

"नाक!" मी ओरडलो, आणि बोटाने दाखवलं. "ह्या नाक! माका वास येणा नाय!"

मग पुतणी खाली बसली आणि इतकी हसायला लागली की तिच्या हातातली बाटली दादाला धरावी लागली. बायकोने कपाळावरचा घाम पुसला. "मगे त्यां आदी नाय सांगूचा?" ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "तो उंदीर!" मग आणखी थोड्या वेळाने, "अगो बाय, तो उंदीर!"

वहिनी हसली नाही. मी शाळेत असताना ती ह्या घरात आली, त्यामुळे भावजी म्हणते पण तुमी-बिमी करत नाही. तिने एवढंच विचारलं, "पिंपां?"

मी सगळं सांगितलं. पहिल्याचं मला माहीत नाही, दुसऱ्याला कुबट वास येतो, शर्टावर सांडली होती, बायकोला वास आला.

"ह्या तुका कधीपासून म्हायत?"

"शर्ट धुतल्यापासून."

"म्हणजे काल मी लेबलां लावीत बसलंलंय तेवा तुका म्हायत होता."

"व्हय."

"आणि तू माका एकेक काढून दी होतंस."

मला वाटलं आता वाइनबद्दल येईल, होमस्टेवाल्या बाईंबद्दल येईल. पण वहिनीचं मन दुसरीकडेच गेलं होतं.

"आणि शिमग्यात बांगड्याचा तिखला केललंय, तेवा? तिरफळां घालूक मी इसारलंय! घरातल्या सगळ्यांका कळला, माका कळला, आणि तू बोटां चाटून म्हणालंस बरां झाला. माका वाटला, भावजीन माझा मन राखल्यान. मी रात्री ह्येंका सांगलंय पण, माझो दीर लाखात एक." तिचे डोळे भरले होते आणि ती भयंकर रागावली होती. "मन नाय राखलंस तू! तुका कळलाच नाय!"

"वैनी, आंबट बरोबर होता," मी म्हणालो. खरंच बरोबर होतं.

"गप रव!"

ती ताडताड खाली निघाली, आम्ही मागोमाग. पिंपांच्या खोलीत तिने पहिल्या पिंपाचं झाकण काढलं, पदर मागे खोचला आणि वाकली. इतक्या वर्षांत तिने तसं कधी केलं नव्हतं. दारूचा वास मुद्दाम घ्यायचा नाही, असा तिचा स्वतःपुरता नेम होता. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. वर आली तेव्हा राग थोडा विसरली होती.

"झाडावरच्या पिकल्या जामासारखो," ती म्हणाली. "आणि वाईच... आपल्या विहिरीकडे सकाळी येता ना, तसो." मग दुसरं उघडलं, आणि वाकायच्या आधीच मागे सरली. "गोणपाट!"

दादा दाराशी होता. त्याचा चेहरा एकदम पडला. "राखणदाराक खयच्या पिंपातली दिली?"

सगळे पुतणीकडे बघायला लागले. "जवळ होता त्या," ती म्हणाली. जवळचं दुसरं.

"मेलो!" दादा म्हणाला, आणि पहिल्या पिंपातला तांब्या भरून वयाला न शोभेल असा चढावर पळाला. त्याने एकट्यानेच गाऱ्हाणं घातलं, आम्हाला खालून ऐकू येत होतं. झाल्या चुकीची माफी, तो द्रोण ओतून टाकल्याची खबर, हा नवा द्रोण, हा घे म्हाराजा. शेवटी शिंकलाही. पण मागून कोणी "व्हय" म्हटलं नव्हतं, तेव्हा ते गाऱ्हाणं मोजायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

होमस्टेवाल्या बाईंना पुतणीने फोन लावला आणि सरळ सांगितलं की अर्ध्याच बाटल्या मिळतील. बाई जरा कुरकुरल्या, मग म्हणाल्या अर्ध्या पाठवा. दुसरं पिंप मी ओतलं. बादलीने, एकट्याने, खताच्या खड्ड्यात. कोणी मला सांगितलं नव्हतं आणि कोणी थांबवलंही नाही. बोंडं वेचायला वहिनी भल्या पहाटे कंबर मोडून वाकते, त्या कमरेचा अर्धा हंगाम मी ओतत होतो, आणि फडक्याची चूक असली तरी श्रावणात वास येत असता तर ती तेव्हाच कळून वाइन कदाचित वाचवता आली असती. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ती जेवेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण जेवायला वाढताना तिने माझ्या ताटात इतरांपेक्षा दोन सुंगटं, म्हणजे कोलंब्या, जास्त टाकली. तो राग असावा की लोभ, मी विचारलं नाही.

दुपारी बाटल्या भरायला सगळे खोलीत जमले. वहिनी प्रत्येक बाटलीवर वाकून नाक लावायची आणि मग बूच मारायला पुढे द्यायची. दादा बुचं मारत होता, पुतणी उरलेली लेबलं लावत होती, आणि माझी बायको पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली होती, बाटल्या पुसायला. मी दाराशी उभा होतो. कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं.

वहिनीने मान न वळवता कोपऱ्यातला बाटल्या घासायचा लांब ब्रश उचलला आणि माझ्या दिशेने धरला.

"ह्येका नाक लागणा नाय," ती म्हणाली. "पण तळ नीट घास. आणि कायतरी बोल जरा, नुसतो उभो रवा नको."

मी पाटावर बसलो, पहिली बाटली पाण्यात बुडवली, आणि उंदराची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागलो.